कार्थेजचे बिशप संत सिप्रियान
आणि पतितांचें पुनरागमन

फुटलेलें मोती आणि तुटलेलें मन पुन्हां सांधत नाहीं, अशी आपल्या लोकांत म्हण आहे. ज्यानें एकदां दगा दिला त्याच्यावर पुन्हां भरंवसा ठेवणें किती कठीण असतें, हें प्रत्येक कुटुंबास, प्रत्येक गांवास आणि प्रत्येक धर्मग्रामास ठाऊक आहे. दगा खाल्लेल्याचें मन दुधानें पोळलेल्या तोंडासारखें होतें. तें ताकहि फुंकून पितें. उलट, दगा देणाऱ्यास वाटतें कीं, आपण क्षमा मागितली, तर आतां सर्व पूर्वीसारखें कां होऊं नये? या दोन मनांमधील दरी कशी भरून काढावी, हा प्रश्न इ. स. २५० मध्यें एका ख्रिस्तसभेपुढें इतक्या विक्राळ स्वरूपांत उभा राहिला कीं, ती सभा दुभंगण्याची वेळ आली. त्या वेळीं जे तिचे बिशप होते, त्यांचें नांव पवित्र मिस्साबलींतील प्राचीन रोमन प्रार्थनेंत पोप कर्नेल्युस यांच्या नांवालगत घेतलें जातें. ज्युबिलीच्या या शुभ प्रसंगीं त्या संत सिप्रियान यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

थास्कियुस केकिलियुस सिप्रियानुस हें त्यांचें पूर्ण नांव. तिसऱ्या शतकाच्या आरंभीं, बहुधा २०० ते २१० च्या दरम्यान, त्यांचा जन्म झाला. उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज हें त्यांचें नगर. आजच्या ट्युनिस शहराजवळ त्याचे अवशेष आहेत. सिप्रियान हे सधन घराण्यांतले आणि वक्तृत्वशास्त्राचे नामांकित शिक्षक होते. मध्यम वयांत केकिलियुस नांवाच्या एका वृद्ध धर्मगुरूच्या सहवासानें त्यांचें मन प्रभु येशू ख्रिस्ताकडे वळलें, आणि सुमारें २४६ मध्यें त्यांनीं स्नानसंस्कार घेतला. आपल्या संपत्तीचा मोठा भाग, आवडत्या बागांसुद्धां, विकून त्यांनीं तो पैसा गोरगरिबांच्या कामीं लावला. दोन-तीन वर्षांतच कार्थेजचें बिशपपद रिकामें झालें. तेव्हां लोकांनीं त्यांच्या दाराशीं गर्दी करून त्यांना तें पद घेण्यास भाग पाडलें. परंतु पांच वडील धर्मगुरूंस ही निवड रुचली नाहीं. कालपरवां स्नानसंस्कार घेतलेला मनुष्य आपल्यावर बिशप व्हावा, ही सल त्यांच्या मनांत राहिली. पुढें ती सल सर्वांसच महागांत पडली.

इतक्यांत संकट आलें. २४९ मध्यें देकियुस हा रोमन बादशहा झाला. त्यानें फर्मान काढलें कीं, साम्राज्यांतील प्रत्येक रहिवाशानें सरकारी पंचांसमोर देवदेवतांस बलि अर्पावा, नैवेद्याचें मांस चाखावें, आणि तसें केल्याचा लेखी दाखला घ्यावा. ईजिप्तच्या वाळूंत असे चाळीसांहून अधिक दाखले सांपडले आहेत. त्यांतला पहिला १८९३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत अर्जदाराचें नांव असतें, कोठें कोठें वय व अंगावरील खूणहि असते. आपण पूर्वींपासून देवांस भजत आलों व आतां पंचांदेखत बलि अर्पिला, अशी कबुली असते. आणि खालीं साक्षीदार अधिकाऱ्याची सही असते. एवढासा तो पपायरसाचा तुकडा. परंतु तो ज्यानें घेतला त्यानें आपल्या प्रभूस नाकारलें, असा त्याचा अर्थ होता.

२० जानेवारी २५० रोजीं पोप फाबियान हे रोम येथें रक्तसाक्षी झाले. कार्थेजमध्यें मात्र प्रथम जें घडलें, तें लज्जेनें मान खालीं घालावयास लावणारें होतें. पुष्कळ वर्षांच्या शांततेनें लोक सुस्तावले होते. सैनिकांनीं ओढून नेण्यापूर्वींच पुष्कळ ख्रिस्ती आपण होऊन नगराच्या देवालयाकडे धांवले. गर्दी इतकी झाली कीं, संध्याकाळ होतांच अधिकारी लोकांस परत पाठवूं लागले, तर तेच आजच्या आज आमचें काम उरका म्हणून विनवूं लागले. आईबापांनीं तान्हीं मुलेंहि वेदीपाशीं नेलीं. कांहींनीं बलि अर्पिला नाहीं, परंतु अधिकाऱ्यास पैसे चारून खोटा दाखला मिळविला, आणि आपण कांहींच पाप केलें नाहीं अशी मनाची समजूत घातली. कांहीं धर्मगुरूहि पडले. मात्र दुसरे कित्येक जण तुरुंगांत गेले, भूक, तहान व यातना सोसूनहि ढळले नाहींत, आणि कांहींनीं प्राण दिले. ज्या घरांत एक भाऊ तुरुंगांत मेला आणि दुसऱ्यानें दाखला घेतला, त्या घरांत पुढें कसला घांस गोड लागणार?

आणि बिशप? बिशप नगर सोडून गुप्तपणें राहूं लागले होते. लोकांच्या झुंडी त्यांना सिंहापुढें टाका म्हणून ओरडत होत्या. त्यांची मालमत्ता सरकारनें जप्त केली. आपण नगरांत राहिलों तर दंगा माजेल आणि त्यांत कळपावर अधिकच संकट ओढवेल, असें त्यांचें मत होतें. परंतु ज्यांचा पोप नुकताच रक्तसाक्षी झाला होता, त्या रोमच्या धर्मगुरूंस हें पटलें नाहीं. लांडगा येतांच पळणाऱ्या मोलकरी मेंढपाळाची आठवण करून देणारें एक पत्र त्यांनीं कार्थेजला धाडलें. त्यावर पाठविणाऱ्याचें नांवहि नीट नव्हतें. अशा प्रकारें, पतितांचा न्याय ज्यांनीं करावयाचा, त्यांच्यावरचाच विश्वास आधीं डळमळला.

सिप्रियान यांनीं त्यावर काय केलें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्यांनीं तें पत्र रोमला परत पाठवून, हें खरोखर तुमचेंच आहे काय, असें विचारलें. मग लपलेल्या जागेवरून आपण धर्मगुरूंस, तुरुंगांतील बंधूंस व लोकांस लिहिलेलीं १३ पत्रें त्यांनीं रोमच्या मंडळीकडे रवाना केलीं. तुरुंगांतल्या बंधूंची व्यवस्था, विधवांचा व आजाऱ्यांचा सांभाळ, गरिबांसाठीं धाडलेला पैसा, सर्व कांहीं त्या पत्रांत होतें. आपल्यावर विश्वास ठेवा असा आग्रह न धरतां त्यांनीं आपला कारभार उघडा करून दाखविला. हळूहळू रोमच्या मंडळीचें मत बदललें, आणि पतितांविषयीं त्यांनीं सिप्रियान यांच्याच धोरणास संमति दिली.

वर्ष संपण्यापूर्वींच पुष्कळ पतितांस पश्चात्ताप होऊं लागला. ख्रिस्तशरीराची ओढ त्यांना स्वस्थ बसूं देईना. परंतु लांबचा रस्ता कोणास आवडतो? रक्तसाक्ष्यांच्या मध्यस्थीस फार मान देण्याची वहिवाट त्या काळीं होती. ती धरून पतित लोक तुरुंगांतील बंधूंकडे जाऊन क्षमेचीं शिफारसपत्रें आणूं लागले. प्रथम विचारपूर्वक दिलेलीं हीं पत्रें पुढें वाटेल तशीं सुटलीं. एखाद्या पत्रांत एकाचें नांव लिहून त्याच्या माणसांसह त्यास घ्यावें असें म्हटलेलें असे, आणि मग त्या एका नांवाच्या मागें वीस-तीस जण उभे राहत. लुकियानुस नांवाच्या एका बंदिवानानें तर सर्वच पतितांस सरसकट क्षमा असल्याचें जाहीर केलें. बिशपांवर मनांत अढी धरून बसलेले धर्मगुरू अशा लोकांस प्रायश्चित्ताशिवायच पवित्र कोमुन्यांव देऊं लागले. एका कागदानें पडलेले दुसऱ्या कागदानें उठूं पाहत होते!

सिप्रियान यांनीं ही वाट अडविली. देवाची दया थोडी आहे असें त्यांचें म्हणणें नव्हतें. परंतु पाप सर्व मंडळीविरुद्ध घडलें आहे. म्हणून शांतता झाल्यावर बिशप, धर्मगुरू, तुरुंग भोगलेले बंधु आणि स्थिर राहिलेले लोक, या सर्वांच्या समोर एकेकाचा विचार व्हावा, असें त्यांनीं ठरविलें. जे मरणाच्या दारीं असतील व ज्यांच्याजवळ रक्तसाक्ष्यांचीं पत्रें असतील, त्यांना मात्र थांबवूं नये, अशी सवलत त्यांनीं दिली. आणि ज्यांना एक दिवसहि धीर धरवत नव्हता त्यांना त्यांनीं आठवण दिली कीं, छळ अजून संपलेला नाहीं. जेथें पडलांत तेथेंच उभें राहण्याची संधि अजून आहे.

ती संधि कांहींनीं खरोखरच साधली. कास्तुस आणि एमिलियुस हे दोघे पहिल्या यातनांत ढळले होते. दुसऱ्या वेळीं ते अग्नींतहि डगमगले नाहींत आणि रक्तसाक्षी झाले. बोना नांवाच्या एका स्त्रीस तिच्या नवऱ्यानें वेदीपाशीं ओढत नेलें. लोकांनीं तिचे हात धरून तिच्याकडून बलि अर्पविला. तरी हें कृत्य माझें नव्हे, तुमचें आहे, असें ती ओरडून सांगत राहिली व हद्दपार झाली. तिच्याबरोबर फेलिक्स आणि त्याची बायको विक्टोरिया यांनीं पूर्वीं केलेलें पाप धुऊन काढून हद्दपारी पत्करली. या तिघांविषयीं एका सहकारी बिशपांनीं सल्ला विचारला, तेव्हां सिप्रियान यांनीं त्यांस आपलें म्हणण्यास क्षणाचाहि विलंब लावला नाहीं. म्हणजे कठोरपणा हा त्यांचा हेतु नव्हता. खरें मन त्यांना पाहावयाचें होतें.

२५१ मध्यें पास्काच्या सणानंतर सिप्रियान कार्थेजला परत आले आणि आफ्रिकेंतील बिशपांची परिषद भरली. तेव्हां दोन टोकांचे दोन पक्ष उभे ठाकले होते. कार्थेजमध्यें फेलिकिसिमुस हा दियाकोन व त्याच्या पाठीशीं असलेले ते असंतुष्ट धर्मगुरू यांनीं सर्वांस सताड दार उघडलें होतें. रोममध्यें नोवातियान या विद्वान धर्मगुरूनें नवे पोप कर्नेल्युस यांच्याविरुद्ध बंड करून स्वतःस बिशप म्हणविलें. पतितांस ख्रिस्तसभेनें कधींच परत घेऊं नये, अशी त्याची शिकवण होती. पहिल्यांच्या मतें तडा गेलाच नव्हता. दुसऱ्याच्या मतें तडा कधींच सांधणारा नव्हता. परिषदेनें दोन्ही मतें नाकारलीं. ज्यांनीं केवळ खोटा दाखला घेतला होता त्यांची एकेकट्याची चौकशी करून त्यांस परत घ्यावें. ज्यांनीं प्रत्यक्ष बलि अर्पिला त्यांनीं दीर्घ प्रायश्चित्त करावें, व मरणसमयीं तरी त्यांस क्षमा नाकारूं नये, असें ठरलें.

एकेकट्याची चौकशी, यांतच सारें मर्म होतें. आपण होऊन धांवत गेलेला मनुष्य आणि दीर्घ यातनांनंतर ज्याचें शरीर हरलें तो मनुष्य, यांस एका मापानें मोजणें हा न्याय नव्हे. कोणी एकटाच पुढें होऊन पापांत पडला, परंतु त्यायोगें त्यानें आपली बायकामुलें व सर्व घर त्या वेदीपासून वांचविलें. कोणी भ्यालेल्या बंधूंस आपल्या घरांत आसरा दिला. हें सर्व पाहावें, ऐकावें, आणि मग ठरवावें, असें सिप्रियान सांगत. नंतर उपासतापास, दानधर्म, मंडळीसमोर उघड कबुली, आणि शेवटीं बिशपांनीं व धर्मगुरूंनीं मस्तकीं हात ठेवून दिलेली क्षमा, असा तो रस्ता होता.

क्षमा आणि अधिकार यांत त्यांनीं भेद केला. इटलींत त्रोफिमुस नांवाच्या एका धर्मगुरूनें आपल्या लोकांसह धूप जाळला होता. पुढें पश्चात्ताप करून त्यानें त्या लोकांस परत आणलें. पोप कर्नेल्युस यांनीं त्याचा स्वीकार केला, परंतु साधा श्रावक म्हणून. त्याचें पद त्यास परत दिलें नाहीं. सिप्रियान यांनीं या निर्णयाचें समर्थन केलें. घरांत परत घेतलेल्या मुलाच्या हातीं त्याच दिवशीं तिजोरीच्या किल्ल्या द्याव्या, असें दयेचें म्हणणें नसतें.

सर्वांत कठीण काम मात्र वेगळेंच होतें. फुटून गेलेले लोक परत येऊं लागले तेव्हां एकनिष्ठ राहिलेले श्रावक अडून बसले. ज्यांनीं यातना सोसल्या, ज्यांचे आप्त मेले, त्यांनीं या माणसांशेजारीं उभें राहून एकाच वेदीवरून अन्न कसें घ्यावें? सिप्रियान यांनीं पोप कर्नेल्युस यांस लिहिलेल्या पत्रांतून दिसतें कीं, एकेका मनुष्यासाठीं त्यांना आपल्याच लोकांची किती मनधरणी करावी लागली. त्यांनीं हेंहि मोकळेपणानें कबूल केलें कीं, लोकांचा विरोध असतां आपण ज्यांस घेतलें, त्यांतले एक-दोघे पूर्वींपेक्षांहि वाईट निघाले, आणि लोकांचा राग खरा ठरला. एवढें होऊनहि त्यांनीं ना दार बंद केलें, ना लोकांच्या संशयास दुष्टपणा म्हटलें. पश्चात्ताप्यास आशा हवी तशी दुखावलेल्यासहि सवड हवी, हें ते जाणून होते.

पुढें महामारीची भयंकर सांथ आली. २५२ च्या सुमारास कार्थेजमध्यें प्रेतें रस्त्यांत पडूं लागलीं. लोक आपल्याच आप्तांस टाकून पळूं लागले. तेव्हां सिप्रियान यांनीं आपल्या श्रावकांची वांटणी करून दिली: पैसेवाल्यांनीं पैसा द्यावा, गरिबांनीं अंगमेहनत करावी, आणि ही सेवा ख्रिस्ती व मूर्तिपूजक असा भेद न करतां व्हावी. तसेंच, नुमिदियांतील ख्रिस्ती लोकांस लुटारूंनीं धरून नेलें तेव्हां कार्थेजच्या मंडळीनें त्यांच्या सुटकेसाठीं १,००,००० सेस्तेर्स जमवून धाडले. जी मंडळी कालपर्यंत एकमेकांकडे संशयानें पाहत होती, तिला अशा रीतीनें एकत्र राबण्याचें काम मिळालें.

याच सुमारास गालुस बादशहाच्या अमदानींत नव्या छळाचीं चिन्हें दिसूं लागलीं. तेव्हां ४२ बिशपांच्या परिषदेनें आपला पूर्वींचा ठराव सौम्य केला. पहिल्या दिवसापासून जे प्रायश्चित्तांत टिकून राहिले होते, त्या सर्वांस आतां मरणाची वाट न पाहतां पवित्र कोमुन्यांव द्यावा, असें ठरलें. कारण उघड होतें: ज्यांना उद्यां ख्रिस्तासाठीं रक्त सांडावयास सांगावयाचें, त्यांना आज ख्रिस्ताच्या रक्तापासून दूर ठेवून कसें चालेल? शिपायास हत्यार न देतां लढाईस पाठवितां येत नाहीं. येथें एक फार मोठें सत्य प्रकट झालें. विश्वास पारखून घ्यावा, त्यास वेळ द्यावा, हें खरें. परंतु एक क्षण असा येतो कीं, पुरता पुरावा हातीं येण्यापूर्वींच विश्वास टाकावा लागतो. कोणी तरी पहिलें पाऊल उचलल्यावांचून पडलेल्यास आपण उभे राहूं शकतों हें दाखवितांच येत नाहीं.

सिप्रियान निर्दोष होते असें नव्हे. पाखंड्यांनीं दिलेला स्नानसंस्कार ग्राह्य कीं नाहीं, या प्रश्नावर पोप स्तेफान यांच्याशीं त्यांचा तीव्र मतभेद झाला; १ सप्टेंबर २५६ च्या परिषदेंत ८७ बिशपांची मतें त्यांच्या बाजूनें पडलीं. पुढें ख्रिस्तसभेनें रोमचीच शिकवण कायम केली. परंतु वादाच्या भरांतहि सिप्रियान यांनीं ख्रिस्तसभेचें ऐक्य सोडलें नाहीं.

वालेरियान बादशहाच्या छळांत, ३० ऑगस्ट २५७ रोजीं, त्यांस सुभेदारापुढें उभें केलें आणि कुरुबिस या किनाऱ्यावरच्या गांवीं हद्दपार केलें. पुढच्या वर्षीं ६ ऑगस्ट रोजीं पोप सिक्स्तुस दुसरे हे रक्तसाक्षी झाले. सिप्रियान यांस कार्थेजला परत आणून त्यांच्या बागेंत राहण्यास सांगितलें होतें. स्नानसंस्काराच्या वेळीं विकलेल्या त्या बागा पुन्हां त्यांच्याकडे आल्या होत्या. सुभेदारानें त्यांस उतिका नगरास बोलाविलें, तेव्हां ते कांहीं दिवस लपले. पण या वेळचें लपणें निराळें होतें. बिशपानें आपल्याच नगरांत, आपल्याच लोकांच्या समोर साक्ष द्यावी, अशी त्यांची इच्छा होती. सुभेदार कार्थेजला येतांच ते आपल्या बागेंत येऊन राहिले. १३ सप्टेंबर २५८ रोजीं त्यांस पकडलें. ती रात्र श्रावकांनीं त्यांच्या कोठडीच्या घरापुढें रस्त्यावर जागून काढली.

दुसऱ्या दिवशीं गालेरियुस माक्सिमुस या सुभेदारानें शिरच्छेदाची शिक्षा सुनावली. सिप्रियान यांनीं देवाचे आभार मानले. लोकांचा समुदाय, आमचेंहि शिर त्यांच्याबरोबर उडवा, असें म्हणत मागोमाग निघाला. वधस्थानीं त्यांनीं गुडघे टेकून प्रार्थना केली, जल्लादास २५ सोन्याचीं नाणीं देण्यास सांगितलें, आणि स्वतःच्या हातांनीं डोळ्यांवर पट्टी बांधली. श्रावकांनीं त्यांचें रक्त टिपण्यासाठीं पुढें वस्त्रें पसरलीं. रात्रीं मेणबत्त्या व मशाली घेऊन त्यांचें शव मिरवणुकीनें नेऊन पुरलें. आठ वर्षांपूर्वीं ज्यांच्या नगर सोडण्याविषयीं कुजबुज झाली होती, त्यांच्याबद्दल आतां कोणाच्या मनांत किंतु उरला नव्हता. दुसऱ्यांस जो रस्ता त्यांनीं दाखविला, तो ते स्वतः शेवटपर्यंत चालून गेले. १६ सप्टेंबर रोजीं पोप कर्नेल्युस यांच्यासह ख्रिस्तसभा त्यांचा सण पाळते.

धर्मबंधुभगिनींनो, जुन्या करारांतील नियमाप्रमाणें पन्नासाव्या वर्षीं ज्युबिली होत असे, आणि त्या वर्षीं प्रत्येक मनुष्य आपल्या जमिनीकडे व आपल्या कुळाकडे परत येई. ज्युबिली म्हणजे परतण्याचा सण. आपल्या धर्मग्रामांतहि भाऊबंदकीनें, पैशाच्या व्यवहारानें, दिलेला शब्द मोडल्यानें तुटलेलीं माणसें असतील. त्यांतल्या कोणास परत यावयाचें असेल, तर त्यानें कोणाच्या शिफारसीवर विसंबूं नये. आपली वागणूकच आपली साक्ष होऊं द्यावी. आणि ज्यास दगा झाला आहे त्यानें सावकाश, पारखून, परंतु दार लावून न घेतां वाट पाहावी. तुटलेलें मन मनुष्याच्या घाईनें सांधत नाहीं हें खरें. पण देवाची कृपा, कालावधि आणि नित्याची सचोटी हीं तिन्हीं एकत्र आलीं म्हणजे तें सांधतें, ही साक्ष कार्थेजच्या त्या मंडळीनें आपल्यासाठीं ठेविली आहे. संत सिप्रियान आमच्यासाठीं विनंति करोत.